दप्तराची दुसरी प्रत

शहापूर तालुक्यात खर्डी आणि कसारा यांच्या मध्ये उंबरमाळी आहे. आसनगावहून कसाऱ्यापर्यंतची रेल्वे १८६१ साली सुरू झाली, तेव्हापासून हा पट्टा मुंबईला जोडला गेला. तरी इथल्या शेतकऱ्याचे, ठाकर-कातकरी कुटुंबांचे खरे काम पडते ते शहापूरच्या तहसील कचेरीशी, भिवंडीच्या प्रांत कार्यालयाशी आणि तिथल्या कागदांशी. सातबारा, फेरफार, वनहक्काचा दावा, जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या नावाचा शाळेतला उतारा, यांतला एखादा कागद सापडला नाही तर जमीन किंवा शिष्यवृत्ती हातची जाते. आता हे कागद स्कॅन होऊन कुणाच्या तरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर जाऊन बसले आहेत. एखाद्या दिवशी डिस्क जोडली की फोल्डरांची नावे दिसतात, पण फाइल उघडत नाही. ती खराब झाली आहे, वाचता येत नाही, एवढाच संदेश येतो. अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो आणि कागदाचे दिवस बरे होते असे म्हटले जाते. हे निदान मला चुकीचे वाटते. या भागातल्या दप्तराचा इतिहास पाहिला तर कागदही काही कमी नाजूक नव्हता. दप्तर टिकले ते वेगवेगळ्या हातांत असलेल्या प्रतींमुळे आणि त्या प्रती अधूनमधून एकमेकींशी ताडून पाहण्याच्या शिरस्त्यामुळे. आपण माध्यम बदलले तेव्हा तो शिरस्ता मागे राहिला, आणि आज जे नुकसान होते आहे ते मुख्यतः त्यामुळे.

आधी फाइल खराब होते म्हणजे काय होते ते पाहू. डिस्कवर मजकूर एका जागी असतो आणि तो कुठे आहे याची नोंद दुसऱ्या जागी असते. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, केबल निसटली किंवा घाईत डिस्क ओढून काढली, तर मजकूर अर्धा उतरलेला असतो आणि नोंद जुनीच राहते, किंवा नेमके उलट होते. लेखन जलद व्हावे म्हणून संगणक काही मजकूर थोडा वेळ स्मृतीत धरून ठेवतो. तो डिस्कवर उतरण्याआधीच डिस्क काढली की गेला. मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या विंडोज १० आवृत्तीत बाहेरून जोडायच्या डिस्कसाठी ही साठवण मुळातच बंद ठेवली, यावरून ही चूक किती सर्रास होत असेल ते कळते. मराठी मुलखाने २००५ नंतरची काही वर्षे भारनियमनात काढली, खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. इन्व्हर्टर नसलेल्या टेबलावरच्या संगणकाला जोडलेल्या डिस्कचे त्या काळात काय झाले असेल, ते वेगळे सांगायला नको. पण या रचनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुन्या फॅट पद्धतीत कोणता मजकूर कुठे आहे, याचा तक्ता एकाच डिस्कवर दोनदा लिहिलेला असतो. म्हणजे रचना करणाऱ्यांना दुसऱ्या प्रतीची गरज ठाऊक होती. मात्र दोन्ही तक्ते एकाच वेळी, एकाच हाताने, एकाच चकतीवर लिहिले जातात. त्यामुळे पहिल्यात चूक गेली की दुसऱ्यातही तीच जाते, आणि चकती पडली तर दोन्ही एकदम जातात. पुढे आलेल्या एक्सफॅटमध्ये तर बहुधा एकच तक्ता असतो, आणि बाजारातल्या बऱ्याच डिस्क त्याच पद्धतीने आखून येतात.

आता जुने दप्तर पाहू. घाटावर कुलकर्ण्याच्या घरी आणि खाली कोकणात तलाठ्याकडे कागद रुमालात बांधून ठेवलेले असत. सह्याद्रीच्या पायथ्याला चार महिने भिंतींना ओल असते, उरलेल्या आठ महिन्यांत कसर आणि वाळवी आपले काम करतात. अशा हवेत एकेका कागदाचे आयुष्य ते किती? तरीही शंभर वर्षांपूर्वीचा व्यवहार आज सिद्ध करता येतो, कारण तो एकाच कागदावर कधी नव्हता. एका जमिनीची विक्री घ्या. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधक खरेदीखताची नक्कल आपल्या पुस्तकात उतरवून घेई आणि मूळ खत पक्षकाराला परत देई. त्यावरून तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरी. संबंधितांना नोटीस जाई, हरकतीला मुदत मिळे आणि मगच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये ही रीत आजही आहे. क्षेत्र आणि आकार यांचा आकारबंद व नकाशा तिसऱ्याच खात्याकडे, भूमी अभिलेखाकडे असे. ती परंपरा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापुरात सुरू केलेल्या मोजणीपर्यंत मागे जाते. आणि मूळ खत खातेदाराच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. ही चार ठिकाणे, चार हात, आणि त्यांचे एकमेकांशी हितसंबंधही वेगळे. तलाठ्याने सातबारावर खाडाखोड केली तर ती फेरफाराशी जुळत नसे. फेरफारच खोटा धरला तर निबंधकाचे पुस्तक आड येई. गावातल्या सातबारांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी जुळली नाही तर कुठेतरी पाणी मुरते आहे हे उघड होई. संगणकशास्त्रात चेकसम म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? मजकुराची बेरीज वेगळी ठेवायची आणि शंका आली की ताडून पाहायची.

सातबाराच्या संगणकीकरणाचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. पुढे राज्यभर हस्तलिखित सातबारा पाहून आकडे आणि नावे टंकित झाली. इथे फाइल तांत्रिक अर्थाने अजिबात खराब झाली नाही. ती बिनबोभाट उघडत होती, फक्त आतला मजकूर चुकीचा होता. कुठे वारसाचे नाव गळले, कुठे आण्यांतल्या हिश्शाचा अपूर्णांक भलताच झाला, कुठे ‘इतर हक्क’ या रकान्यातला शेरा उतरलाच नाही. न उघडणारी फाइल निदान आपण बिघडल्याचे सांगते. उघडणारी चुकीची फाइल काहीच सांगत नाही, म्हणून ती जास्त घातक. ही चूक पकडली कशी गेली, तर २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. संगणकातला सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, हस्तलिखिताशी ताडायचा आणि चूक निघाली तर दुरुस्त करून घ्यायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. स्वाक्षरी झाल्यावर मजकूर बदललेला नाही याची खात्री तंत्रज्ञान देते. स्वाक्षरीआधीचा मजकूर खरा होता की नाही, हे मात्र चावडीवर बसलेली माणसेच सांगू शकत होती, आणि तीही हस्तलिखित हाताशी होते म्हणून.

यावर एक आक्षेप असा येईल की जुन्या दप्तराचे हे गुणगान आदिवासींच्या तालुक्यात शोभत नाही. आक्षेप वजनदार आहे. शहापूर-मुरबाडमधल्या किती तरी ठाकर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबांची नावे त्या चारही ठिकाणी कधी लागलीच नाहीत, किंवा लागलेली नावे सावकाराच्या सोयीने पुसली गेली. अन्याय चार प्रतींत जपून ठेवला तर तो चौपट पक्का होतो. हे मला मान्य आहे. पण त्यातून निघते ते उलटेच. पुसलेले नाव परत लावायला जुनाच कागद लागतो. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा १९७४ चा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींना लागू आहे. त्या काळातला सातबारा आणि फेरफार दाखवल्याशिवाय दाव्याला पाय नसतात. संगणकीकरण सुरू झाले तेव्हा टंकित झाला तो चालू सातबारा. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात कागदावरच राहिले आणि पुष्कळ उशिरा स्कॅन झाले. ज्याच्या पेटीत खरेदीखत आहे, त्याला त्या जुन्या पानाची तेवढी गरज नसते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याचे सगळे त्याच पानावर असते. म्हणून स्कॅनची एकुलती डिस्क बिघडली तर फटका सर्वांना सारखा बसत नाही, तो सर्वांत दुबळ्याला सर्वांत जास्त बसतो.

दुसरा आक्षेप तंत्राच्या बाजूचा: आता क्लाउड आहे, डिस्क सांभाळण्याची कटकट कशाला? मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली, वरचे मजले जळाले, माणसे गेली, फायलींची राख झाली. त्यानंतर ई-ऑफिसला जी गती आली ती योग्यच होती, दूरच्या सर्व्हरवर प्रत असणे हा मोठा फायदा आहे. पण क्लाउडवर आपोआप जुळवून घेणारी प्रत ही पुन्हा त्या फॅटच्या जोडतक्त्यासारखीच असते. इथे फाइल बिघडली की थोड्या वेळाने तिथली प्रतही बिघडते, इथे पुसली की तिथेही पुसली जाते. मागच्या आवृत्त्या जपण्याची सोय मुद्दाम चालू ठेवली नसेल तर मागे जायला वाट उरत नाही. शिवाय दुर्गम पाड्यांवर नेटवर्क येते-जाते, आणि ई-फेरफारचा सर्व्हर बंद म्हणून खातेदार दिवस-दिवस ताटकळल्याच्या तक्रारी राज्यभर झालेल्या आहेत. क्लाउड ही एक प्रत धरावी, सगळे दप्तर तिच्या हवाली करू नये.

हरवलेले नाही पण वाचता येत नाही, अशीही एक गत असते. मोडीतले कागद अभिलेख कक्षात धडधाकट आहेत, पण शाळांतून मोडी गेल्यावर ते वाचणारे मोजके उरले. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेले ठराव आणि याद्या आजच्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हे दिसतात, आणि कुणीतरी फाइल खराब झाली म्हणून ती पुसून टाकतो. ती खराब नसते. तो फॉन्ट बसवला किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की ती शब्द न् शब्द वाचता येते. पुसण्याआधी हे तपासायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

डिस्क खरोखरच बिघडली असेल तर जुन्या अभिलेखपालाची सवय इथेही उपयोगी पडते: जीर्ण कागदावर दुरुस्ती करायची नाही, आधी त्याची नक्कल काढायची. डिस्क टकटक वाजत असेल तर ती लगेच बंद करून जाणकाराकडे द्यावी. पुन्हा पुन्हा जोडून पाहिल्याने वाचणारेही जाते. आवाज नसेल तर केबल आणि पोर्ट बदलून पाहावे, कारण कित्येकदा दोष तेवढाच असतो. फॉरमॅट करण्याची विचारणा आली तर नकार द्यावा आणि डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. मग डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवावी, आणि चेकडिस्क किंवा टेस्टडिस्क जे काही चालवायचे ते त्या नकलेवर चालवावे. चेकडिस्क मूळ डिस्कवरच दुरुस्ती करते आणि ज्यांचा मालक सापडत नाही असे तुकडे नावाविना वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. घाईने मूळ डिस्कवर ती चालवणारा माणूस बहुतेक वेळा उरलेलाही पुरावा घालवतो.

वनहक्काच्या दाव्यांपुरते बोलायचे तर कायद्याने हा धडा आधीच गिरवला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करताना ग्रामसभेने एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत असे २००८ च्या नियमांतला नियम १३ सांगतो, आणि त्या पुराव्यांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही बसतो. उपग्रहाची चित्रे पुराव्याला पूरक असतील, त्याची जागा घेणार नाहीत, हेही २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. दावा ग्रामसभेतून उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. म्हणजे उंबरमाळीच्या परिसरातला कागद गावात, भिवंडीला आणि ठाण्याला, तर मुरबाडचा गावात, कल्याणला आणि ठाण्याला असण्याची सोय या रचनेतच आहे. वनहक्क समितीने प्रत्येक दाव्याची पोच घेतली, जीपीएस मोजणीचा नकाशा आणि जबाबांचे स्कॅन दोन वेगळ्या घरांतल्या दोन डिस्कवर ठेवले, आणि वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे त्या फाइल उघडून कागदाशी ताडून पाहिल्या, तर एक डिस्क गेल्याने कुणाचा दावा बुडणार नाही. त्याला लागणारा खर्च एका जादा डिस्कचा आहे, आणि ग्रामसभा तर भरतेच.