तेर : तेरणाकाठचे प्राचीन तगर

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे आज ज्वारी, तूर, हरभरा आणि सोयाबीन पिकवणारे शेतकऱ्यांचे गाव असले, तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते ‘तगर’ या नावाने परदेशी व्यापाऱ्यांना परिचित होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील सागरी व्यापाराच्या माहितीग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील या नगरातून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदरास जात असल्याची नोंद आहे. पुढे शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने धारण केले. तगर म्हणजेच तेर, हे मात्र पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये साधार मांडले.

लेण्यांच्या या प्रदेशात तेरचे वेगळेपण असे, की येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याचा मागील भाग गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीप्रमाणे गोलसर असून, ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाच्या उपासनेचे सभागृह असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कार्ले-भाजे येथे जे डोंगर कोरून साधले, ते येथे सपाट जमिनीवर बांधून काढले गेले; अशी बांधीव चैत्यगृहे देशात फार थोडी उरल्यामुळे ही लहानशी वास्तू एखाद्या भव्य लेण्याइतकीच मोलाची ठरते. येथील काही जुन्या विटा तर पाण्यावर तरंगतात, कारण मातीत मिसळलेले तूस भट्टीत जळून गेल्याने त्यांच्या अंगभर सूक्ष्म पोकळ्या राहिल्या आहेत.

गावाभोवतीच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीच्या टेकाडांत, सापडलेले मणी, मृण्मूर्ती आणि नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आस्थेने जमवली नसती, तर त्यांतील कितीतरी वस्तू कायमच्या विखुरल्या असत्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जवळचे साम्य दाखवते.

वारकऱ्यांसाठी मात्र तेर हे प्रथम गोरोबाकाकांचे गाव आहे. मडके पक्के की कच्चे हे थापटण्याने, म्हणजे मडके ठोकून घडवण्याच्या लाकडी साधनाने पारखणाऱ्या या संत कुंभाराने संतमेळ्यात नामदेवांना कच्चे ठरवले, अशी परंपरा आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला, त्यांच्या पुण्यतिथीस, तेरणेकाठच्या समाधिमंदिरात मोठी यात्रा भरते.