केसकरांची नभोवाणी

हार्मोनियमला आपण मराठी माणसे अगदी घरचे वाद्य समजतो. भजन असो, कीर्तन असो की संगीत नाटकाचा खेळ असो, पेटी लागली की बैठक जमली! हीच आपली पेटी 1940 पासून 1971 पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, सरकारी नभोवाणीच्या दाराबाहेर उभी होती. ती बाहेर काढली परक्या राजवटीत. लायोनेल फील्डन नावाचे एक साहेब लंडनच्या बी. बी. सी. तून 1935 साली इकडे आले आणि आपल्या रेडिओचे पहिले नियंत्रक झाले. पेटीच्या ठरीव स्वरांत आपल्या रागांतल्या श्रुती बसत नाहीत, असा तेव्हाचा आक्षेप होता. तो अगदीच खोटा होता असे नाही. खुद्द रवीन्द्रनाथांनाही पेटी आवडत नसे. पण गंमत पुढेच आहे. स्वराज्य आले, पुण्यात जन्मलेला एक मराठी गृहस्थ नभोवाणीचा मंत्री झाला, दहा वर्षे त्या खुर्चीवर बसला, आणि तरीही पेटी बाहेरच राहिली!

हे गृहस्थ म्हणजे डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आजच्या तरुण वाचकांना हे नाव कदाचित ठाऊक नसेल. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते एकाच गोष्टीसाठी आठवते, आणि तेही राग धरून: ‘सिनेमाची गाणी बंद करणारा मंत्री.’ एवढ्यावर माणसाची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते.

केसकरांचा जन्म 1903 सालचा. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसला, तिथलीच डॉक्टरेट. राष्ट्रीय चळवळीत पडले, काँग्रेसचे सरचिटणीस झाले, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्यात उपमंत्री होते, आणि लोकसभेवर निवडून आले ते उत्तर प्रदेशातून. पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काशीत त्यांनी धृपदाची तालीम घेतली होती. मंत्र्याला गाणे कळत नसले तर खाते आपले सुखाने चालते. गाणे कळणारा मंत्री मिळाला की खात्याची झोप उडते!

1952 साली ते नभोवाणीमंत्री झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे शनिवारी रात्री साडेनऊची ती वेळ घराघरांत पाठ झाली. ज्याने आयुष्यात कधी मैफलीचे तिकीट काढले नव्हते, त्यालाही थोरामोठ्यांचे गाणे घरबसल्या, दीड तास, निवांत ऐकायला मिळू लागले. 1954 पासून आकाशवाणीचे संगीत संमेलन भरू लागले. वाद्यवृंद उभा राहिला, त्याची सूत्रे पंडित रविशंकरांकडे होती. संस्थाने खालसा झाल्यावर ज्या गवयांचा आणि बीनकारांचा आश्रय तुटला होता, त्यांच्या घरची चूल पुष्कळ अंशी या नभोवाणीच्या बिदागीवर पेटत राहिली. मात्र त्या बिदागीच्या वाटेवर एक परीक्षा बसवलेली होती. परीक्षकांत श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांसारखे भातखंडे परंपरेतले पंडित. ज्यांच्या घराण्यात चार पिढ्या गाणे होते अशा उस्तादांना रागाचे आरोह-अवरोह विचारले जाऊ लागले. अनेक कलावंत बिथरले, बहिष्काराची भाषा झाली. मला विचाराल तर परीक्षा घेण्यात चूक नव्हती, पण गाणाऱ्याला गाण्याबद्दल बोलायला लावणे ही मात्र मास्तरकीच झाली.

आता त्या सिनेमाच्या गाण्यांविषयी. केसकरांना ती गाणी उथळ आणि उसन्या चालींची वाटत. त्यांनी प्रथम त्यांचा वेळ कमी केला आणि चित्रपटाचे नाव सांगणे थांबवले, कारण नाव सांगणे म्हणजे सरकारी खर्चाने जाहिरात करणे! निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि नभोवाणीवरून ती गाणी दिसेनाशी झाली. म्हणजे ‘बंदी’ म्हणून जी प्रसिद्ध झाली ती अर्धी मंत्र्याची आणि अर्धी निर्मात्यांची होती. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

पण हवेला वेस नसते. समुद्रापलीकडे सिलोनमध्ये दुसऱ्या महायुद्धातले एक दणदणीत प्रक्षेपण यंत्र शिल्लक होते. त्यावरून 3 डिसेंबर 1952 पासून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानी या वीस वर्षांच्या तरुणाच्या आवाजाने सारा देश बुधवारी रात्री वेडा केला. आमच्या आंबिवलीचीही हीच कथा. कल्याणच्या पुढे शहाड, शहाडच्या पुढे आंबिवली. त्या वेळी स्टेशनाबाहेर पडले की भातखाचरेच लागत. मोहोन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात माझे काका नोकरीला होते, आणि आमच्या ओळखीच्या घरांत रेडिओ एकट्या त्यांचाच. कौलांवरून बांबूला तार ताणलेली, आत दिव्यांचा तो मोठा खोका. तापायला वेळ लागे, तोवर आम्ही पोरे त्या हिरव्या डोळ्याकडे टक लावून बसत असू. बुधवारी काकांच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. काका स्वतः शनिवारच्या गाण्याचे भक्त, पण बुधवारी काटा सिलोनवर आणायला तेच पुढे होत आणि वर म्हणत, “मंत्र्याला कळवू नका रे!” रेडिओचा परवाना ते दर वर्षी टपाल कचेरीत पैसे भरून घेत. म्हणजे पैसे दिल्लीला आणि कान कोलंबोला!

एवढेच घडले असते तर केसकरांची गोष्ट हरलेल्या माणसाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण सिनेमाची गाणी घालवल्यावर त्या जागी काय आणायचे, हाही प्रश्न त्यांच्या खात्याला पडला होता. कवींकडून नवी गीते लिहून घ्यावी, चांगल्या संगीतकारांकडून चाली लावून घ्याव्या, आणि ‘सुगम संगीत’ म्हणून ती द्यावी, असे धोरण ठरले. पुष्कळ केंद्रांवर ते बेताबेताचेच चालले. पुण्यात मात्र नवल झाले.

पुण्याचे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालेले, अगदी कोवळे. तिथले अधिकारी सीताकांत लाड हे ग. दि. माडगूळकरांचे स्नेही. वर्षभर चालेल अशी एखादी गीतमाला द्या, असे त्यांनी माडगूळकरांना म्हटले, आणि त्यातून गीतरामायण जन्मले. 1 एप्रिल 1955, रामनवमी, शुक्रवार, सकाळी पावणेनऊ. चाली सुधीर फडक्यांच्या. पहिले गीत लिहिलेला कागद ऐन वेळी हरवला, तेव्हा लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून दार लावून घेतले आणि गीत पुन्हा लिहून झाल्यावरच दार उघडले, असे सांगतात. एखाद्या केंद्राधिकाऱ्याची कर्तबगारी मोजायला हल्ली आकडे काढतात. मला ते लावलेले दार पुरेसे वाटते.

त्या उन्हाळ्यात मी पुण्याला आत्याकडे होतो. शुक्रवारी नवे गीत, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. आत्या आंघोळ करून रेडिओपुढे उदबत्ती लावी. शेजारच्या बायका हात जोडून बसत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे एकेक आवाज त्या मालेत गायले. वर्तमानपत्रे गीतांचे शब्द छापत. बावन्न आठवड्यांचा बेत होता, पण त्या वर्षी भाद्रपद अधिक आला आणि गीते छप्पन्न झाली. अधिक महिन्याचे दान इतके गोड क्वचितच मिळते.

सरकारी नभोवाणीला लोक कंटाळले आहेत असे ज्या वर्षांत म्हटले जात होते, त्याच वर्षांत महाराष्ट्रातली घरे त्या नभोवाणीपुढे हात जोडून बसली होती. हे केसकरांचे श्रेय की लाडांचे? माडगूळकर-फडक्यांचे तर आहेच. पण दिल्लीच्या धोरणाने जी जागा मोकळी करून ठेवली नसती, तिथे ही गीते बसली असती का, हा प्रश्न मी केसकरांवर हसणाऱ्यांना आजही विचारतो. आणि केसकरांचे गोडवे गाणाऱ्यांना विचारतो की मग पेटीने काय घोडे मारले होते?

पुढे 3 ऑक्टोबर 1957 ला दसरा होता. त्या दिवशी सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायणाचे पुस्तक काढले, आणि त्याच दिवशी, केसकरच मंत्री असताना, विविधभारती सुरू झाली. कवी नरेन्द्र शर्मा तिचे प्रमुख होते. पाच वर्षांपूर्वी दाराबाहेर घातलेली सिनेमाची गाणी सरकारी परवानगीने पुन्हा घरात आली, निवडून, पाखडून. 1962 साली केसकर निवडणूक हरले आणि मंत्रिपद गेले. मग त्यांनी राष्ट्रीय पुस्तक न्यासाचे अध्यक्षपद सांभाळले आणि भारतीय संगीताच्या अडचणींवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. 1967 साली विविधभारतीवर जाहिराती वाजू लागल्या. 1971 साली पेटीला आत घेतले, पण साथीपुरतेच. केसकर 1984 साली वारले, तोवर शनिवारचा तो कार्यक्रम चालूच होता.