नातवंडाचा ताबा : हक्काकडून हिताकडे

मराठीत पित्याचा पिता व मातेचा पिता या दोघांसही ‘आजोबा’ हीच संज्ञा आहे. पितामह व मातामह हा संस्कृतातील भेद नित्य व्यवहारात उरला नाही. ‘आजोळ’ हा शब्द मात्र मातेच्या माहेरासाठीच राखला गेला. कायद्यानेही या दोन्ही आजोबांस दीर्घकाळ सारखेच, म्हणजे दुय्यम, स्थान दिले.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० याच्या कलम १९ अन्वये, पिता हयात असून न्यायालयाच्या मते अपात्र नसल्यास अज्ञान मुलाच्या देहाचा अन्य पालक नेमता येत नसे. या तरतुदीत मातेचा समावेश २०१० साली झाला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता व त्यानंतर माता येते. आजी-आजोबांचा निर्देश नाही. तथापि त्याच अधिनियमाच्या कलम १३ ने अज्ञान मुलाचे हित हा सर्वोपरी विचार ठरविला. पुढील इतिहास या दोन कलमांमधील ताणाचा आहे.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे बंगालमधील एक प्रकरण आले. मुलाच्या मातेच्या मृत्यूबाबत पित्यावर फौजदारी खटला होता. खालील न्यायालयांनी नैसर्गिक पालक म्हणून ताबा पित्यास दिला होता. न्यायमूर्तींनी मुलास स्वतः विचारले असता त्याने पित्याकडे जाण्यास नकार दिला, आणि ते आदेश रद्द झाले. २०१० साली महाराष्ट्रातील एका मातृहीन मुलाचा ताबा, मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून, बारा वर्षांच्या वयापर्यंत मातामहाकडे राखण्यात आला. पित्यास भेटीची मुभा राहिली. २०२२ साली, करोनाच्या साथीत आईबाप गमावलेल्या अहमदाबादच्या मुलास उच्च न्यायालयाने नोकरी करणाऱ्या मावशीकडे सोपविले होते. केवळ वय व उत्पन्न या कसोट्या निर्णायक नव्हेत, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने त्यास पित्याच्या आईवडिलांकडे दिले.

या निर्णयांतून आजी-आजोबांचा स्वतंत्र हक्क सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. सिद्ध झाले ते इतकेच की, पित्याचा हक्कही मुलाच्या हिताहून मोठा नाही. न्यायालयीन मराठीत मात्र जमिनीस व घरास लागणारा ‘ताबा’ हाच शब्द आजही मुलास लागतो. हक्काची जुनी कल्पना कलमांतून मागे हटली, तरी भाषेतून ती अद्याप हटलेली नाही.