श्रीरंगपट्टण : अर्ध्या वर्षाचा अजिंक्य किल्ला

आज आपण बेंगळुरूपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवरच्या एका बेटावर जाणार आहोत. मैसूरच्या थोडं अलीकडे कावेरीचे दोन फाटे होतात आणि पुढे ते पुन्हा एकत्र येतात. मधे जी जमीन राहते, ती म्हणजे श्रीरंगपट्टण. लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी दीडेक किलोमीटर. पश्चिमेच्या टोकाला किल्ला आणि जुनं गाव, पूर्वेला गंजाम.

मैसूरला निघालेल्या बहुतेक गाड्या इथे दोन तास थांबतात. देऊळ, दर्या दौलत, गुंबज, फोटो, आणि पुढे. त्यात गैर काही नाही. पण अशा पाहण्यात या इमारती सुट्या सुट्या राहतात. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे नदी. आज मला तेवढं एकच सांगायचं आहे. हे गाव कावेरीने राखलं, कावेरीनेच उघडं पाडलं आणि शेवटी नदीकाठच्या तापाने रिकामं केलं.

सुरुवात देवळापासून करू. गावाला नाव दिलं ते श्रीरंगनाथाने. मूळ देऊळ गंगांच्या काळात, इ.स. ८९४ मध्ये तिरुमलय्या नावाच्या सरदाराने बांधलं अशी परंपरा आहे. पुढे होयसळांनी आणि विजयनगरने त्यात भर घातली. कावेरीत रंगनाथाची तीन बेटं मानतात. श्रीरंगपट्टण हे आदिरंग, शिवनसमुद्र हे मध्यरंग आणि तमिळनाडूतलं श्रीरंगम हे अंत्यरंग. शेषशायी विष्णू पाण्यावर पहुडलेला असतो, म्हणून त्याचं ठाणंही पाण्याने वेढलेलं. भक्ताला जे बेट देवाचं वाटलं, ते सेनापतीला किल्ल्याची तयार जागा वाटलं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर इथे किल्ला उभा राहिला. १६१० मध्ये राजा वडियार यांनी तो विजयनगरच्या सुभेदाराकडून घेतला आणि आपली राजधानी इथे आणली. मैसूरचा दसरा आज जगप्रसिद्ध आहे. वडियारांचा तो पहिला दसरा याच बेटावर झाला. म्हणजे हैदर आणि टिपूच्या आधी दीडशे वर्षं हे राजधानीचं गाव होतं.

आता नदीचं वेळापत्रक पाहा. कावेरीला पाणी येतं ते कोडगूच्या पावसाचं. जून लागला की पात्र भरू लागतं आणि पावसाळाभर ते ओलांडणं अवघड. हिवाळ्यात पाणी उतरतं. फेब्रुवारीपासून खडक वर येतात आणि एप्रिल-मे मध्ये ठिकठिकाणी माणूस पायी उतरून जाऊ शकतो. त्यामुळे श्रीरंगपट्टण घ्यायचं तर थंडी सरल्यावर यायचं आणि मृगाच्या आत काम उरकायचं. आमच्या पेशात नकाशाइतकंच कॅलेंडरही पाहावं लागतं. इथे तर कॅलेंडर हाच अर्धा नकाशा होता.

हे गणित आपल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं, कारण ते इथे पुन्हा पुन्हा आले. १६३८-३९ च्या सुमारास विजापूरच्या रणदुल्लाखानाने श्रीरंगपट्टणावर चाल केली. कंठीरव नरसराज वडियार यांनी ती परतवली. त्याच मोहिमेत केंपेगौडांचं बेंगळुरू विजापूरकरांनी घेतलं आणि ते शहाजीराजांकडे आलं. बेंगळुरूशी आपलं नातं सुरू झालं ते असं.

१७५७ मध्ये स्वतः नानासाहेब पेशवे आणि सदाशिवरावभाऊ इथे आले. वेढा पडला, खंडणी ठरली आणि पावसाळ्याच्या तोंडावर पेशवे पुण्याकडे फिरले. कर्नाटकात मागे राहिले ते बळवंतराव मेहेंदळे. १७७१ च्या मार्चमध्ये त्रिंबकराव मामा पेठे यांनी मेलुकोट्याजवळ मोती तलावाच्या परिसरात हैदरअलीचा सपशेल पराभव केला. ही चिनकुरळीची लढाई. हैदर जेमतेम निसटून किल्ल्यात शिरला. मराठी फौज पाठोपाठ बेटासमोर आली, पण तट फोडील असा जड तोफखाना तिच्याकडे नव्हता. मैदान जिंकलं, किल्ला राहिला.

इंग्रजांनाही हाच धडा मिळाला. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस बेंगळुरू घेऊन श्रीरंगपट्टणासमोर पोचला. १५ मे रोजी आरकेरेला टिपूच्या फौजेशी झालेली लढाई त्याने जिंकली. पण हंगाम सरला होता, कावेरीला पाणी चढत होतं, धान्य संपलं होतं आणि तोफा ओढणारे बैल हजारांनी मरत होते. अखेर वेढ्याच्या जड तोफा त्याने स्वतःच निकामी केल्या आणि तो माघारी वळला. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठी छावणीच्या बाजारात धान्यापासून कापडापर्यंत सगळं मिळत होतं, याची नोंद इंग्रज लेखकांनी आश्चर्याने केली आहे. भाव अर्थातच चढे होते. उपाशी फौजेला त्या बाजाराने जगवलं. लढाईच्या इतिहासात तोफांची वर्णनं फार असतात आणि बाजाराची थोडी. मला ही नोंद एखाद्या विजयाइतकी मोलाची वाटते.

पुढच्या वर्षी कॉर्नवॉलिसने हंगाम साधला. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री इंग्रज पलटणी बेटावर उतरल्या. पूर्वेच्या टोकाला टिपूची लालबाग होती. तिच्यातली झाडं वेढ्याच्या कामाला लागणाऱ्या फांद्यांच्या भाऱ्यांसाठी तोडली गेली. मार्चमध्ये तह झाला. टिपूचं अर्धं राज्य गेलं, ३ कोटी ३० लाख रुपयांचा दंड बसला आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली.

त्यानंतर टिपूने किल्ला आणखी मजबूत केला. म्हणूनच आज तटावरून फिरताना एकामागे एक भिंती आणि मधे खोल खंदक दिसतो. जमिनीकडची, म्हणजे पूर्वेची बाजू सर्वांत भक्कम. पश्चिमेला आणि उत्तरेला नदी आहे, म्हणून तिथे भरवसा पाण्यावर. १७९९ च्या एप्रिलमध्ये जनरल हॅरिस आला, तो नेमका पश्चिमेच्या कोपऱ्यासमोर. या वेळी मराठे बाजूला राहिले होते. महिनाभर तोफा चालल्या, तटाला खिंडार पडलं. ४ मे रोजी भर दुपारी एकच्या सुमारास डेव्हिड बेअर्डच्या हाताखाली हल्ला झाला. हा बेअर्ड १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत पकडला गेला होता आणि याच गावात जवळपास चार वर्षं कैदेत होता. खडकाळ पात्र ओलांडून त्याची माणसं काही मिनिटांत खिंडारावर चढली. त्याच संध्याकाळी उत्तरेच्या तटातल्या एका दरवाज्याजवळ टिपूचा मृतदेह सापडला.

मीर सादिकच्या फितुरीची कथा तिथला प्रत्येक गाइड सांगतो. फितुरी झाली असेलही. पण खिंडार तोफांनी पाडलं होतं आणि पात्र उन्हाने उघडं पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी, ५ मे रोजी टिपूचा दफनविधी झाला आणि त्याच संध्याकाळी विजांसह भयंकर वादळ आलं. पाऊस उंबरठ्यावर होता. आणखी महिनाभर किल्ला टिकता, तर हॅरिसलाही कॉर्नवॉलिससारखं परतावं लागण्याची शक्यता होती.

आता हे डोक्यात ठेवून गाव पाहा, पश्चिमेकडून पूर्वेकडे. खिंडाराच्या जागी १९०७ साली उभारलेला स्मारकस्तंभ आहे. तिथे उभं राहून आधी नदीकडे पाहा, मग स्तंभाकडे. उत्तरेच्या तटाला बेलीची अंधारकोठडी आहे. कमानींच्या त्या कोठडीत भिंतीतून दगड बाहेर आलेले आहेत आणि साखळ्या अडकवायला त्यांना भोकं आहेत. पोल्लिलूरला हरलेला कर्नल बेली १७८२ मध्ये याच गावी कैदेत मेला. देवळाजवळ टिपूचा लाल महाल होता, आता जोती तेवढी उरली आहेत. बेंगळुरू दरवाज्यापाशी दोन उंच मिनारांची जामा मशीद आहे, १७८७ च्या सुमाराची.

तटाबाहेर पूर्वेला गेलात की दर्या दौलत, १७८४ मधला टिपूचा उन्हाळी महाल. सागवानी खांब, महिरपी आणि भिंतीभर चित्रं. पश्चिमेच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई आहे. पालखीतला बेली आणि स्फोट होणारा दारूगोळ्याचा गाडा नक्की शोधा. पूर्वेच्या भिंतीवर राजे-सरदारांचे दरबार आहेत आणि त्यांतली एक आकृती बाळाजीराव पेशव्यांची म्हणून ओळखली जाते. ज्यांनी या गावाला वेढा घातला, तेच या भिंतीवर मानाने बसलेले आहेत. ही चित्रं मधल्या काळात खराब झाली होती, पुढे लॉर्ड डलहौसीने ती पुन्हा रंगवून घेतली. त्यापुढे गंजामला गुंबज. काळ्या तुकतुकीत दगडाच्या खांबांच्या ओवरीत, घुमटाखाली हैदर, टिपूची आई आणि टिपू असे तिघे शेजारी शेजारी आहेत.

१७९९ नंतर राजधानी मैसूरला गेली. दिवाण पूर्णय्या यांनी हैदर आणि टिपू या दोघांचीही चाकरी केली होती. आता ते बालराजाचा कारभार पाहू लागले. १८०४ मध्ये त्यांनी कावेरीवर दगडी खांबांचा पूल बांधला, तो वेलस्ली पूल म्हणून आजही उभा आहे. इंग्रज फौज मात्र इथे टिकली नाही. तापाने शिपाई पटापट मरत. गावातल्या जुन्या लष्करी दफनभूमीत सुमारे तीनशे थडगी आहेत. त्यांत स्विस द मेरों पलटणीचे लोक आहेत. शेवटी छावणी उंचावरच्या कोरड्या जागी हलली आणि १८०९ मध्ये बेंगळुरूचं कँटोन्मेंट सुरू झालं. आज एम. जी. रोडवर फिरणाऱ्यांना पत्ता नसतो, पण त्या रस्त्याचा जन्म कावेरीकाठच्या डासांमुळे झाला. रिकाम्या गावातून लाकूडही गेलं. उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चला टिपूच्या वाड्यातली तुळई लावलेली आहे.

पुढे रेल्वे आली ती थेट किल्ल्यातून. दुसरा मार्ग टाकताना टिपूच्या काळचं एक शस्त्रागार आड आलं. २०१७ मध्ये ती अख्खी इमारत जमिनीपासून सोडवून, जॅकवर तोलून, शंभराहून अधिक मीटर सरकवली. पाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, यात शंका नाही. तरी शस्त्रागाराची जागा तटाच्या हिशेबाने ठरलेली असते. जागा सुटली की इमारत उरते आणि कारण हरवतं.

नदीचंही तसंच झालं आहे. वरच्या अंगाला विश्वेश्वरय्यांचं कृष्णराजसागर धरण आहे, १९११ मध्ये काम सुरू झालेलं. आता पात्रात पाणी किती, हे बरंचसं धरणाच्या दरवाज्यांवर ठरतं. २०१४ पासून श्रीरंगपट्टणाची स्मारकं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आहेत, तीही 'बेटावरचं गाव' म्हणून. माझ्या मते हीच दृष्टी बरोबर आहे. देऊळ एकाचं, मशीद दुसऱ्याची, महाल तिसऱ्याचा, अशी वाटणी केली की आपण आपापल्या इमारतीपुरते भांडतो आणि तट ढासळतो तो सगळ्यांचाच. जपायचं असेल तर देऊळ, तट, खंदक, घाट आणि पात्र हे सगळं एकत्रच जपावं लागेल.

शक्य झालं तर एप्रिलमध्ये जा. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी जवळ ठेवा. सकाळी आधी पश्चिमेच्या तटावर जा आणि पात्रातले खडक पाहून घ्या. मग देवळात दर्शन घ्या आणि पूर्वेकडे चालू लागा. दोन तास पुरणार नाहीत, पूर्ण दिवस ठेवा.