लिस्बन ते गोवे : तेरा महिन्यांची वाट

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपण वसईहून रात्री गाडीत बसतो आणि सकाळी गोव्यात उतरतो. लिस्बन ते गोवे हे सरळ अंतर सुमारे ८,३०० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने अखंड उडणाऱ्या विमानाला ते कापण्यास दहा तास पुरेत. खुद्द झेवियर यांना मात्र तेरा महिने लागले. चरित्रपुस्तकांत हा काळ ‘समुद्रमार्गे गोव्यास आले’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेला असतो, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे.

७ एप्रिल १५४१ रोजी, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ते नवे गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सोझा यांच्यासमवेत ‘सांतियागो’ जहाजातून निघाले. आफ्रिकेला वळसा घालणारी ही जलवाट सरळ अंतराच्या दुपटीहून लांब. तरी विलंबाचे मुख्य कारण वारा. जहाजांना भारताकडे आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा ठरावीक महिनेच वाहतो. तो साधण्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडावे लागे आणि वाटेत उशीर झाला की मोझांबिकला मुक्काम ठरलेला. झेवियर तेथे सुमारे सहा महिने अडकले. अडकले असे आपण म्हणायचे. त्यांनी ते दिवस आजाऱ्यांच्या सेवेत घालवले. त्यांना स्वतःला दोन महिने बोट लागली होती, हे त्यांच्याच पत्रावरून कळते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले.

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली याच वाटेने आले. ४ एप्रिलला लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला गोवे, म्हणजे साडेसहा महिने. त्यांचा प्रवास सुखाचा म्हणायचा! तरीही हिरड्या सुजवणाऱ्या रोगाने जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व सत्तावीस दगावली, असे त्यांनी वडिलांना कळवले आहे. उत्तर-दक्षिण किती अंतर आलो, हे सूर्यताऱ्यांवरून काढता येई. पूर्व-पश्चिमेचे खात्रीचे माप कोणापाशीच नव्हते. भारत जवळ आला असे वाटत असताना प्रवाहाने त्यांचे जहाज सोकोत्रा बेटाकडे ओढले गेले होते. पुढे पाण्यावर माडाच्या झावळ्या व साप दिसू लागले, तेव्हा किनारा जवळ आल्याची खूण पटली. स्टीफन्स पुन्हा मायदेशी गेले नाहीत; १६१९ साली ते येथेच निवर्तले.

पण या अंतराची खरी लांबी आम्हांस पत्रांत दिसते. जहाजे वर्षातून एकदाच ये-जा करीत. गोव्याहून धाडलेल्या पत्राचे युरोपातून उत्तर हाती पडण्यास दीड-दोन वर्षे लागत. झेवियर तर पुढे मलाक्का, मोलुकास, जपान असे दूर दूर जात राहिले. मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्यांनी त्या आपल्या व्रतांच्या कागदासह अंगावर बाळगल्या होत्या. संत इग्नेशियस यांची व त्यांची शेवटची भेट रोममध्ये १५४० च्या मार्च महिन्यात झाली होती. त्यानंतर जे काही होते ते कागदावरच.

२८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी रोमहून झेवियर यांना पत्र लिहिले आणि युरोपात परत येण्याची आज्ञा केली. चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्सियन बेटावर झेवियर यांनी देह ठेवला तो ३ डिसेंबर १५५२ रोजी. पत्र लिहिले गेले तेव्हा त्या गोष्टीला जवळजवळ सात महिने झाले होते.