मिरवणूक, कॉलेज आणि पिस्तूल

आपल्या देशात बंदुकीच्या परवान्यावर काही शर्ती छापलेल्या असतात. त्यातली एक शर्त अशी: जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खास परवानगी दिल्याखेरीज परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये.

मिरवणूक आणि कॉलेज एकाच वाक्यात कशी आली, असे कुणी विचारील. त्यातली मिरवणूक आम्हा निजामपुऱ्याच्या लोकांना समजावून सांगावी लागत नाही. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली. तिच्यात झेंडे बांधलेल्या लाठ्या होत्या. पुढे काय झाले ते न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालात आहे, आणि आमच्या घराघरांत आहे.

राहिले कॉलेज. त्यासाठी पुण्याला जावे लागेल. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेज पाहायला आले होते. तिथल्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि लोक त्यांना 'हॉटसन गोगटे' म्हणू लागले.

या गोळीमागे सोलापूर होते. मे १९३० मध्ये तिथे लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशी दिले गेले. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारा तरुण. 'गझनफर' नावाचे पत्र चालवायचा. आमच्या मुलांना गोगट्यांचे पिस्तूल एखाद्या वेळी ठाऊक असते, कुर्बान हुसेनचे वर्तमानपत्र मात्र नसते. मला याचे वाईट वाटते.

गोगट्यांचा राग खोटा होता असे मी म्हणत नाही. तेव्हा १८७८ चा शस्त्र कायदा होता. लिटनच्या त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना सूट दिली. अशा कायद्याविषयी आदर कुठून येणार? स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा केला तेव्हा ही वर्णाची भिंत उरली नाही. परवाना सर्वांनाच घ्यावा लागतो. आज त्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, म्हणजे पदवीच्या वर्गातली बहुतेक मुले आपोआपच बाहेर राहतात.

अमेरिकेतल्या टेक्सासने उलट वाट धरली. १ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिनच्या विद्यापीठात एका माणसाने मनोऱ्यावरून गोळ्या घालून अनेकांचे जीव घेतले. बरोबर पन्नास वर्षांनी, १ ऑगस्ट २०१६ ला, तिथल्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकांना पिस्तूल लपवून नेण्याची मुभा देणारा कायदा अमलात आला. युक्तिवाद हा, की सज्जनाकडे शस्त्र असेल तर दुर्जन घाबरेल.

हाच युक्तिवाद १९७० आणि १९८४ च्या दंगलींच्या आठवणी निघाल्या की आमच्याकडची पोरेही करतात. त्यांना माझे एवढेच सांगणे: जमावात सज्जन कोण हे गोळीला कळत नाही. आणि दंगलीनंतर चौकशी होते तेव्हा ज्याच्या घरात शस्त्र सापडते तो आधी आरोपी ठरतो, मग माणूस. वर्गात आपल्याशी वाद घालणाऱ्याच्या खिशात काय आहे याची धास्ती नसेल, तरच तो वाद खरा. परवान्यावरची ती एक ओळ ही निर्धास्ती राखते. ती पुसावी असे वाटणाऱ्याने आधी मिरवणुकीचा इतिहास वाचावा.