दम: सोमेश्वराच्या पोथीतला आणि आखाड्यातला

कदंब म्हटले की आपल्या गोंयकाराला आधी बस आठवते, राजघराणे मागाहून. त्या घराण्यातल्या दुसऱ्या जयकेशीची राणी मैलळदेवी ही कल्याणीचा चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याची मुलगी. विक्रमादित्यानंतर गादीवर बसला तिसरा सोमेश्वर, म्हणजे आपल्या जयकेशीचा मेहुणा. या मेहुण्याची आज आठवण काढायची ती कुस्तीसाठी. नेमके सांगायचे तर कुस्तीतल्या दमासाठी.

सोमेश्वराने इ. स. ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय. राज्यकारभार, हत्तीघोडे, स्वयंपाक, संगीत, सारे काही त्यात आहे. आपण मराठी माणसे तो ओळखतो तो बहुधा त्यातल्या ओवीच्या उल्लेखामुळे. पण त्यातच 'मल्लविनोद' नावाचे प्रकरण आहे आणि त्यात मल्ल कसा घडवावा हे तपशिलाने दिले आहे.

मल्लांच्या प्रती ठरवल्या आहेत: ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल. त्यांचा खुराक राजाकडून. मेहनतीचे प्रकार पाच. ओझे उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, हातांच्या जोराचा बाहुपेल्लणकश्रम आणि लाकडी खांबावरचा स्तंभश्रम. या शेवटच्यात अनेकांना आपल्या मल्लखांबाचे मूळ दिसते.

मी आयुष्यभर फायलींची वर्गवारी करणारा कारकून, म्हणून मला या यादीची मांडणी फार आवडते. पाचांपैकी निव्वळ ताकदीचा म्हणावा असा एकच, ओझ्याचा. चालणे आणि पाणी हे श्वास व पाय यांच्यासाठी. याचे कारण आखाड्यात उतरलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. पकड घट्ट धरली की स्नायू आवळलेलेच राहतात, त्यांतला रक्तप्रवाह दबतो आणि माणूस धावण्यापेक्षाही लवकर थकतो. डोंगराएवढी ताकद असली तरी पहिल्या झटापटीनंतर ती हातात उरेलच असे नाही. ती उरवायची कला म्हणजे दम.

याची साक्ष आठशे वर्षांनी लंडनमध्ये मिळाली. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा पैलवानासमोर पोलंडचा झ्बिश्को उभा होता, वजनाने गामापेक्षा भारी. तो थोड्याच वेळात जमिनीला जो चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ. कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तर झ्बिश्को आलाच नाही. १९२८ साली पतियाळ्यात दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत निकाल लावला. गामाच्या बैठका आणि जोर हजारांच्या घरात सांगितले जातात. आकड्यांत भक्तांची भर असेल, पण अडीच तास हल्ला चालू ठेवणाऱ्या दमात जोरबैठकांच्या मेहनतीचाही वाटा असणार.

१९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात 'सर्किट ट्रेनिंग' बांधले गेले: वेगवेगळे व्यायाम, मध्ये विश्रांती थोडी. म्हणून लगेच "आमच्याकडे हे सगळे आधीच होते" अशी बढाई मारू नये. सोमेश्वराने लिहिले ते शास्त्र म्हणून नव्हे, राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून. प्रकरणाच्या नावातला 'विनोद' तोच. घाम मल्लांचा, बघण्याचे सुख राजाचे. ग्रंथावर नाव राजाचे राहिले. ज्या वस्तादांकडून हे ज्ञान आले असणार, त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत.

हे कर्ज थोडे फेडले ते बडोद्याने. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला 'मानसोल्लास' १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत छापला गेला. त्याच शहरातून, १९३६ ते १९४९ या काळात, आबासाहेब मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला, तोही मराठीत. राजाची पोथी आणि तालमींची विद्या, दोन्ही एकाच गावी कागदावर आल्या.

तरीही पुस्तकातून दम येत नाही. वस्ताद शेजारी उभा राहून "अजून दहा" म्हणतो, तेव्हा येतो. पोथी आठशे वर्षे वाट पाहू शकते. तालीम एक पिढी बंद पडली, की ते "अजून दहा" म्हणणारे कोणी उरत नाही.